ख्रिस्तपुराणकर्ते फादर थॉमस स्टीफन्स

जयंती महोत्सवाच्या स्मरणिकेत एखाद्या थोर धर्मसेवकाचे चरित्र असावे, अशी जुनी चाल आहे व ती आम्हांस चांगली वाटते. कोणाचे चरित्र लिहावे याचा विचार करीत असता आपल्या कन्नड परिसरातील नेहमीचाच एक प्रसंग आमच्या डोळ्यांपुढे आला. श्रावणात गावोगाव पोथी लागते, सप्ताहात टाळमृदंगाचा नाद वस्तीपर्यंत ऐकू येतो, आणि अशा वेळी शेजारचा एखादा भला मनुष्य आपल्या माणसांस सहज विचारतो की, तुमच्यात पोथी असते काय. त्याच्या मनात वाईट काही नसते. पण आपल्यातील कित्येकांस या प्रश्नाचे उत्तर सुचत नाही. वास्तविक उत्तर सोपे आहे. आपल्यात पोथी आहे. ती मराठी आहे, ओवीबद्ध आहे आणि ती छापली जाऊन चारशे वर्षे उलटली आहेत. ज्यांनी ती रचली ते मात्र मराठी मुलखात जन्मले नव्हते. ज्या देशात मिस्सा ऐकणे हा सरकारी गुन्हा ठरला होता, त्या देशातून ते आले होते. त्यांचे नाव फादर थॉमस स्टीफन्स. त्यांचे चरित्र आम्ही येथे यथामति सांगत आहोत.

जन्म व तो काळ

थॉमस स्टीफन्स यांचा जन्म १५४९ साली इंग्लंडातील विल्टशायर परगण्यात बुश्टन नावाच्या खेड्यात झाला. वडील व्यापारी होते. घरची स्थिती बरी होती. परंतु तो काळ धार्मिक उलथापालथीचा होता. १५३४ साली राजा आठवा हेन्री याने रोमच्या पोपमहाशयांशी संबंध तोडून धर्मसभेचे प्रमुखपद स्वतःकडे घेतले होते. पुढे मेरी राणीच्या कारकिर्दीत, १५५३ पासून १५५८ पर्यंत, कॅथलिक उपासना पुन्हा सुरू झाली. त्यानंतर एलिझाबेथ राणी गादीवर आली आणि १५५९ सालच्या कायद्याने देशभर मिस्सा बंद करण्यात आली. थॉमस त्या वेळी दहा वर्षांचे बालक होते. ज्या वेदीपुढे आईबापांनी गुडघे टेकले, ती वेदी गावोगाव मोडली जात आहे, हे त्या पिढीच्या मुलांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले.

या कायद्यांचे स्वरूप वाचकांनी नीट ध्यानात घ्यावे, कारण पुढील सर्व चरित्राचा उलगडा त्यात आहे. दर रविवारी व सणावारी सरकारमान्य उपासनेस जो हजर राहणार नाही, त्यास बारा पेन्स दंड बसे. १५७१ सालच्या कायद्याने पोपमहाशयांनी आशीर्वादित केलेल्या जपमाळा, क्रूस व चित्रे देशात आणून वाटणे हाही अपराध ठरला, आणि त्यासाठी मालमत्ता जप्त होऊन तुरुंग भोगावा लागे. १५८१ साली गैरहजेरीचा दंड महिन्यास वीस पौंड इतका करण्यात आला, ज्यायोगे चांगली जमीनदार घराणीही धुळीस मिळाली. मिस्सा ऐकणाऱ्यास जबर दंड व एक वर्षाची कैद अशी शिक्षा त्याच कायद्यात होती. १५८५ साली तर परदेशात दीक्षा घेऊन आलेल्या धर्मगुरूने इंग्लंडात पाऊल ठेवणे म्हणजेच राजद्रोह, असे ठरले.

त्या देशात कॅथलिक मनुष्य आणि त्याचा शेजारी यांच्यात चेहऱ्यामोहऱ्याचा, भाषेचा किंवा पोशाखाचा काहीच भेद नव्हता. दोघे एकाच गावचे, पुष्कळदा एकाच रक्ताचे असत. मग कॅथलिक ओळखावा कसा? रविवारी सरकारी उपासनेतील कोणाची जागा रिकामी राहिली, कोणाच्या घरात जपमाळ सापडली, कोणाच्या माळ्यावर रात्री दिवा दिसला, यावरून तो ओळखला जाई. त्याची उपासना हीच त्याची खूण होती, आणि त्या खुणेची किंमत त्यास रोख मोजावी लागत होती.

स्वदेशत्याग

तरुणपणी स्टीफन्स यांचा थॉमस पाउंड नावाच्या एका श्रीमंत गृहस्थाशी स्नेह जडला. हा गृहस्थ एके काळी राणीच्या दरबारात मानाने वावरलेला होता. परंतु पुढे त्याचे मन पालटले व तो निष्ठावंत कॅथलिक झाला. दोघांनी रोमला जाऊन येशूसंघात प्रवेश करण्याचा निश्चय केला. पाउंडसाहेब प्रवासास निघाले की स्टीफन्स त्यांच्या नोकराचा वेष घेऊन बरोबर असत. पण निघण्याचा दिवस जवळ येत असतानाच पाउंडसाहेब पकडले गेले, आणि त्यांच्या आयुष्याची सुमारे तीस वर्षे निरनिराळ्या तुरुंगांत गेली. त्यांस येशूसंघात घेतल्याचे कळले तेही तुरुंगातच. स्टीफन्स एकटे पुढे गेले व २० ऑक्टोबर १५७५ रोजी रोम येथे संघात दाखल झाले.

आपल्या मित्राचे उदाहरण त्यांच्या मनात जन्मभर राहिले असले पाहिजे, असे आम्हांस वाटते. एकाने खोलीच्या चार भिंतींत उपासना जतन केली. दुसऱ्याने ती समुद्रापार नेली.

त्या काळी संत फ्रान्सिस झेवियर यांच्या कार्याची कीर्ती रोममधील तरुण धर्मविद्यार्थ्यांच्या तोंडी होती. स्टीफन्स यांनी हिंदुस्थानात जाण्याची परवानगी मागितली व ती मिळाली. ४ एप्रिल १५७९ रोजी ते लिस्बन बंदरातून गलबतावर चढले आणि २४ ऑक्टोबर रोजी गोव्यास उतरले. साडेसहा महिन्यांहून अधिक चाललेल्या या सफरीत वारा पडून गलबते अडकली, हिरड्या सुजण्याच्या रोगाने माणसे आजारी पडली व काही दगावली. या प्रवासाचे सविस्तर वर्णन त्यांनी वडिलांस पत्राने कळविले. ते पत्र पुढे इंग्लंडात छापले गेले व तेथील दर्यावर्दी लोकांनी आवडीने वाचले. हिंदुस्थानात येऊन राहिलेला पहिला इंग्रज म्हणून इतिहासकार स्टीफन्स यांचाच उल्लेख करतात. ईस्ट इंडिया कंपनी निघण्यास तेव्हा एकवीस वर्षे अवकाश होता.

साष्टीतील धर्मसेवा

१५८० साली गोव्यात त्यांस गुरुदीक्षा मिळाली आणि त्यांची नेमणूक साष्टी प्रांतात झाली. मडगाव, राशोल, कुंकळ्ळी ही गावे याच प्रांतातली. मधली काही वर्षे वगळता पुढील सुमारे चाळीस वर्षे ते तेथेच राबले. इंग्लंडास ते पुन्हा कधीही गेले नाहीत.

साष्टीतील त्या काळची स्थिती सांगताना आम्ही काही लपवू इच्छीत नाही. पोर्तुगीज सरकारने १५६७ च्या सुमारास तेथील हिंदू मंदिरे पाडली होती. १५६० पासून गोव्यात धर्मन्यायालय बसले होते. नवख्रिस्ती लोकांस त्यांचे जुने ग्रंथ, जुनी गाणी व सणसमारंभ वर्ज्य करण्यात आले होते. ज्या गोष्टीने इंग्लंडातील कॅथलिकांची मने पोळली, तशीच गोष्ट येथे कॅथलिक राजसत्तेच्या हातून दुसऱ्यांच्या बाबतीत होत होती. बळजबरीने आणलेली उपासना परमेश्वराच्या कृपेचे काम करीत नाही, हे आज धर्मसभा स्पष्टपणे शिकविते. त्या काळी राज्यकर्त्यांस ते उमगले नव्हते.

याचा कडू परिणाम जुलै १५८३ मध्ये कुंकळ्ळी येथे दिसून आला. तेथील गावकऱ्यांच्या मनात मंदिरांच्या विध्वंसाचा संताप धुमसत होता. क्रूस व देऊळ उभारण्यासाठी जागा पाहावयास गेलेले फादर रुदोल्फ आक्वाविवा व त्यांचे चार येशूसंघीय सोबती तेथे मारले गेले. त्यांच्याबरोबर इतर काही ख्रिस्तीही मृत्यू पावले. फादर रुदोल्फ हे नुकतेच अकबर बादशहाच्या दरबारातून परतले होते. सरकारने नंतर घेतलेल्या सूडात गावचे प्रमुखही ठार झाले. हुतात्म्यांचे देह परत मिळवून त्यांस ख्रिस्ती रीतीने मूठमाती देण्याच्या कामी फादर स्टीफन्स यांनी पुढाकार घेतला. या पाच हुतात्म्यांस १८९३ साली धन्यवादित घोषित करण्यात आले.

चौतीस वर्षांच्या त्या इंग्रज धर्मगुरूच्या मनावर या घटनेचा काय परिणाम झाला असेल, ते त्यांच्या पुढील आयुष्यावरून दिसते. ते लोकांच्या भाषेकडे वळले. कोंकणी ते उत्तम बोलू लागले. मराठीतील ग्रंथरचनेचा त्यांनी कसून अभ्यास केला. येथील भाषांची घडण ग्रीक व लॅटिन भाषांसारखी आहे, ही गोष्ट त्यांनी १५८३ सालीच आपल्या भावास पत्राने कळविली होती. युरोपातील विद्वानांस या नात्याचा शोध पुढे दोनशे वर्षांनी लागला.

याच सुमारास घडलेली आणखी एक गोष्ट त्यांच्या स्वभावावर प्रकाश टाकते. राल्फ फिच, जॉन न्यूबेरी व त्यांचे सोबती असे काही इंग्रज व्यापारी होर्मुझ येथे पकडले जाऊन गोव्याच्या तुरुंगात आणले गेले. ज्या इंग्लंडाने स्टीफन्स यांस धर्मासाठी परागंदा केले, त्याच इंग्लंडाची ही माणसे. तरीही फादर स्टीफन्स यांनी खटपट करून त्यांस जामिनावर सोडविण्यास साह्य केले.

ख्रिस्तपुराण

फादर स्टीफन्स रोज लोकांत वावरत होते. लोक देवळात येत, धर्मशिक्षण ऐकत, क्रुसाची खूण करीत, प्रार्थना पाठ म्हणत. पण सायंकाळी घरी गेल्यावर काय? पूर्वी घरोघर पुराण वाचले जात असे. चार माणसे दिव्याभोवती बसत, एकजण वाची, बाकीचे ऐकत. ते आता बंद पडले होते व त्या जागी काहीच आले नव्हते. ख्रिस्तपुराणाच्या आरंभीच असा प्रसंग आहे की, धर्मशिक्षण चालले असता एक श्रोता उठून पाद्रीबाबांस विनवितो: जुनी पुराणे आपण आम्हांस वर्ज्य केली, तर आमचा वेळ सत्कारणी लागेल असे दुसरे पुराण आम्हांस द्यावे. त्या विनवणीचे उत्तर म्हणजेच हा ग्रंथ होय.

स्टीफन्स हे आपल्या काळाचेच धर्मगुरू होते. जुने ग्रंथ नवख्रिस्ती लोकांनी सोडावेत असेच त्यांचेही मत होते. परंतु मनुष्याच्या तोंडचे गाणे काढून घेऊन त्यास मुके ठेवणे हा धर्म नव्हे, हे त्यांनी ओळखले, आणि हेच त्यांचे मोठेपण आहे. लोकांस पोर्तुगीज शिकवून मग भक्ती शिकवावी, हा मार्ग त्यांनी धरला नाही. लोकांच्या कानास जो छंद गोड लागतो त्याच छंदात, म्हणजे ओवीत, त्यांनी तारणाची कथा गायिली.

येथे आपल्या जिल्ह्याच्या दृष्टीने एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. स्टीफन्स हे पैठणच्या एकनाथमहाराजांचे समकालीन होत. एकनाथमहाराजांनी १५९९ साली देह ठेवला, तेव्हा स्टीफन्स पन्नास वर्षांचे होते. गोदातीरी ओवीचे जे वैभव फुलले होते, त्याच ओवीस दूर साष्टीत एका परदेशी धर्मगुरूने आपले म्हटले. तेव्हा कन्नडच्या ख्रिस्तजनांनी ओवी परकी मानण्याचे काही कारण नाही.

ग्रंथाचे दोन भाग आहेत. पहिल्या पुराणात छत्तीस अध्याय असून त्यात जगाची उत्पत्ती, आदिमातापित्यांचे पतन व तारकाच्या येण्याची वाट पाहणाऱ्या जुन्या कराराचा इतिहास आहे. दुसऱ्या पुराणात एकोणसाठ अध्याय असून त्यात प्रभू येशू ख्रिस्ताचे जन्म, शिकवण, दुःखसहन, मरण व पुनरुत्थान वर्णिले आहे. दोन्ही मिळून सुमारे अकरा हजार ओव्या होतात. आरंभी मराठी भाषेची थोरवी गायिली आहे. स्वर्गास वैकुंठ म्हणण्यास ग्रंथकार कचरत नाहीत. भक्त, मुक्ती, परमेश्वर हे आपल्या कानावरचे शब्द त्यांनी निःसंकोचपणे ख्रिस्ताच्या सेवेस लाविले. मराठीत अधूनमधून कोंकणी शब्दही मिसळले, ते साष्टीच्या साध्या लोकांस अर्थ लागावा म्हणून.

हा ग्रंथ १६१६ साली राशोल येथे येशूसंघाच्या छापखान्यात रोमन लिपीत छापला गेला. देशी अक्षरांचे खिळे पाडून घ्यावेत अशी फादर स्टीफन्स यांची इच्छा होती व त्याविषयी त्यांनी १६०८ साली रोमला लिहिलेही होते. पण ती इच्छा सिद्धीस गेली नाही. पुढे १६४९ व १६५४ साली ग्रंथाच्या आणखी आवृत्त्या निघाल्या. गोव्याच्या देवळांतून रविवारी व सणाच्या दिवशी मिस्सा झाल्यावर तो मोठ्याने वाचला जात असे. वेदीवरील विधी लॅटिन भाषेत होई, त्यातील शब्द सामान्य मनुष्यास कळत नसत. मग पुराण उघडले जाई, आणि वेदीवर जे घडले त्याचे मर्म त्यास स्वभाषेत समजे.

याखेरीज लहानांसाठी त्यांनी कोंकणी भाषेत ख्रिस्ती धर्मतत्त्वांचे पुस्तक रचिले. गुरू व शिष्य यांच्या प्रश्नोत्तरांतून क्रुसाची खूण, प्रभूची प्रार्थना, नमो मरिया, प्रेषितांचा विश्वासांगिकार व दहा आज्ञा त्यात समजाविल्या आहेत. ते त्यांच्या पश्चात १६२२ साली छापले गेले. त्यांचे कोंकणी व्याकरणही १६४० साली प्रसिद्ध झाले.

अखेर व नंतरचा इतिहास

१६१९ साली, वयाच्या सत्तराव्या वर्षी, फादर स्टीफन्स गोमंतकातच प्रभूच्या घरी गेले. ग्रंथ छापून तीन वर्षे झाली होती. त्यांची कबर पाहावयास आज कोणी जात नाही. त्यांचे स्मारक म्हणजे त्यांचे पुराणच.

त्या पुराणाचे पुढे काय झाले ते पाहा. १६८४ साली पोर्तुगीज सरकारने हुकूम काढला की, प्रजेने तीन वर्षांच्या आत देशी भाषा टाकून पोर्तुगीज बोलू लागावे. ज्या भाषेत स्टीफन्स यांनी देवाचे नाव गायिले, तिलाच देशोधडीस लावण्याचा हा घाट होता. राशोलच्या छापील प्रती हळूहळू नाहीशा झाल्या. १६१६, १६४९ व १६५४ या आवृत्त्यांपैकी एकही प्रत आज उपलब्ध नाही. तरी पुराण मेले नाही. गोव्यातून दक्षिणेस मंगळूरकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी ते हाताने उतरवून घेतले व घरोघर वाचले. १७८४ साली टिपू सुलतानाने मंगळूर भागातील हजारो ख्रिस्ती लोकांस कैद करून श्रीरंगपट्टणास नेले, व १७९९ पर्यंत ते बंदिवासात राहिले. त्या पंधरा वर्षांत याच पुराणाच्या ओव्यांनी कित्येकांचा विश्वास तगविला, असे त्यांचे वंशज सांगत आले आहेत.

पुढे १९०७ साली मंगळूर येथे जोसेफ सालदाना यांनी हस्तलिखितांवरून पुराण पुन्हा छापविले. देवनागरी लिपीतील एक जुने हस्तलिखित लंडन येथील संग्रहात आढळले. १९५६ साली पुण्यात शांताराम बंडेलू यांनी संपूर्ण ग्रंथ देवनागरीत प्रसिद्ध केला, तेव्हा तो महाराष्ट्रातील सामान्य वाचकाच्या हाती आला. फादर स्टीफन्स यांची जी इच्छा १६०८ साली अपुरी राहिली होती, ती अशा रीतीने साडेतीन शतकांनी पुरी झाली.

आपणांस बोध

प्रिय ख्रिस्तजनहो, या चरित्रावरून आपण काय घ्यावे?

इंग्लंडात उपासनेस बंदी होती, साष्टीत उपासनेस सक्ती होती. आज आपणांस ना बंदी आहे, ना सक्ती. रविवारी मिस्सेस न आल्याबद्दल कोणी आपणांकडून बारा पेन्स घेत नाही, आणि आल्याबद्दल तुरुंगातही टाकीत नाही. १९६० नंतरच्या दशकात दुसऱ्या व्हॅटिकन धर्मपरिषदेच्या निर्णयाने मिस्सा आपल्या मराठीत आली. स्टीफन्स यांनी मिस्सेनंतर पुराण वाचून जी उणीव भरून काढिली, ती उणीवच आपणांस राहिलेली नाही. वेदीवरून आपल्याच भाषेत देव आपणांशी बोलतो. इतके सर्व अनुकूल असता आपली बाके रिकामी का असावीत, याचे उत्तर प्रत्येकाने आपल्या मनाशी द्यावे. आम्ही कोणास दोष देत नाही. आमच्या हातूनही विधी कित्येकदा घाईने उरकले गेले आहेत, हे आम्ही या जयंतीच्या दिवशी नम्रपणे कबूल करतो.

आपल्या तालुक्यातील पुष्कळ कुटुंबे दसरा-दिवाळी झाली की मुकादमाची उचल फेडण्यासाठी ऊसतोडीस जातात. सहा-सहा महिने परमुलखातील कारखान्यावर कोपीत राहतात. तेथे देऊळ जवळ नसते, घंटा ऐकू येत नाही, धर्मगुरूची भेट नाही. नाताळचा सण फडातच उजाडतो. पहाटे कोयता हाती घ्यावयाचा व रात्री अंग टाकावयाचे. अशा ठिकाणी आपण कॅथलिक आहोत हे कोण जाणतो? पाहावयास कोणी नसताना, कोपीतील दिव्यापाशी मुलांस जवळ घेऊन जी माउली क्रुसाची खूण करते व जपमाळेचे निदान एक दशक म्हणते, ती श्रीरंगपट्टणच्या त्या बंदिवानांची बहीण होय. वाळूजच्या कारखान्यांत पाळीने काम करणाऱ्या आमच्या तरुणांसही आमचे हेच सांगणे आहे. रविवार हुकला तर सोमवारी खोलीवर शुभवर्तमान उघडावे, पण आठवडा कोरडा जाऊ देऊ नये.

आणि शेजाऱ्याने पोथीविषयी विचारल्यास आता मान खाली घालू नये. त्यास घरी बोलवावे, सन्मानाने बसवावे व सांगावे की होय, आमच्यात पोथी आहे. साष्टीतील जुलुमाचा इतिहास त्याने काढिला तर तोही नाकारू नये. खरे ते खरे म्हणावे. आपल्या उपासनेची थोरवी दुसऱ्याच्या उपासनेस कमी लेखण्यात नाही. उपवासकाळात दर शुक्रवारी क्रुसाच्या वाटेनंतर ख्रिस्तपुराणातील दुःखसहनाचा थोडा भाग देवळात वाचावा, असे आमच्या मनात आहे. जुनी मराठी प्रथम अवघड वाटेल. परंतु ज्या कानांस ओवीची सवय आहे त्यांस ती लवकरच आपलीशी होईल. वाचण्यास पुढे येणाऱ्यांनी आम्हांस कळवावे.

ज्या परमेश्वराने विल्टशायरच्या एका मुलास समुद्रापलीकडे आणून त्याच्या मुखी मराठी ओवी घातली, तो आपल्या धर्मग्रामातील प्रत्येक घरी सायंप्रार्थनेचा दिवा तेवत ठेवो, आणि पवित्र मरियेच्या मध्यस्थीने आपणां सर्वांस शेवटपर्यंत विश्वासात स्थिर राखो, हीच या जयंतीच्या मंगल प्रसंगी आमची प्रार्थना आहे. आमेन.